टिटवीवरचा तळहात

लायनल प्रिडीचं नाव कुणी घेतलं की माझ्या पोटात दुखतं. दुखणं चाळीस वर्षांहून जुनं आहे, आता त्याची सवय झालीये. या वसंतात टिटवी नावाच्या जुन्या मोटारीच्या क्लबचा चिटणीस ट्रेवर घरी आला. चहा झाला, बिस्किटं झाली, आणि मग गुडघे चोळत म्हणाला, "मिस्टर बॅग्ली, लायनलच्या गाडीचा साचा दुरुस्त करून द्याल का?"

"लायनलच्या गाडीचा नाही," मी म्हणालो. "माझ्या गाडीचा."

"हो हो, तुम्हा दोघांच्या," ट्रेवर घाईनं म्हणाला. तो शाळामास्तर होता. भांडणाऱ्या पोरांना एका बाकावर बसवायची सवय त्याची अजून गेलेली नाही.

त्याचं म्हणणं असं होतं, की जुन्या टिटव्यांची फायबरची कवचं आता तडकायला लागली आहेत आणि सभासदांना नवी हवी आहेत. मूळ साचा माझ्या परसातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलाय. तो साफसूफ करून मी त्यातून एक नवं कवच काढावं, आणि जूनच्या मेळाव्यात लायनलच्या सत्तरीनिमित्त ते त्याच्यापुढे ठेवावं. म्हणजे काम माझं आणि केक त्याला. पन्नास टक्के सोडा, मला मेणबत्तीसुद्धा नाही.

"करतो," मी म्हणालो. "एका अटीवर. तो तळहात मी घासून टाकणार."

ट्रेवरचा कप हवेतच थांबला. "तळहात? लायनलचा तळहात?"

"लायनलचा नाही तो!" मी इतक्या जोरात ओरडलो की कुत्रं उठून बाहेर गेलं.

स्वयंपाकघराच्या दारात म्युरियल उभी होती, माझी बायको. हातात कप. लहानपणी तिची करंगळी डुकरांच्या फाटकात चिरडली होती, तेव्हापासून कप धरला की ती वाकडी होऊन बाजूला उभी राहते. अनोळखी माणसाला वाटतं, बाई फार खानदानी आहे. ती शांतपणे म्हणाली, "घास की. खुशाल घास. पण आधी मेण नीट काढ."

हा तळहात काय, ते सांगायला हवं. टिटवीच्या डाव्या दारामागे, जिथं अंग कमरेसारखं आत वळतं, तिथं एक उथळ खळगा आहे, तळव्याएवढा. तो प्रत्येक टिटवीला आहे, कारण साच्यातच आहे. क्लबच्या दर मेळाव्याची सुरुवात या खळग्यानं होते. लायनल टोपी काढतो, रांगेतल्या पहिल्या गाडीपाशी जातो, खळग्यात हात ठेवतो आणि डोळे मिटतो. मैदानातले सगळे टाळ्या वाजवतात. मग इंजिनं सुरू होतात. मीही टाळ्या वाजवतो. न वाजवून काय करणार, म्हातारा जळतो म्हणतील. आणि मी जळतोच, कारण तो हात माझा आहे.

मी मूळचा प्लास्टरवाला. बापाबरोबर चर्चची आणि हॉटेलांची छतं करायचो, वर द्राक्षांचे घोस, पानं, फुलं. लायनल पबमध्ये भेटला. अंगात उंटाच्या रंगाचा कोट, गळ्यात रेशमी रुमाल आणि खिशात एका गाडीचं चित्र. चित्र म्हणजे लहान मुलानं चपलेचं काढावं तसं. म्हणाला, "सिरिल, तुला घडवता येतं, मला विकता येतं. माझ्या काकाची कोंबड्यांची शेड रिकामी आहे. बोल!"

मी बोललो. तिथंच फसलो. शेड त्याच्या काकाची म्हणून पाटीवर नाव त्याचं: प्रिडी मोटर्स. गाडीचं नाव लॅपविंग, म्हणजे टिटवी, तेही त्याचंच. त्या चपलेच्या चित्रातून गाडी काढली ती मी, प्लास्टरमधून, सहा महिने खपून. माझ्या खरवडण्यानं ते नाक खाली उतरलं, माझ्या डोळ्यांनी ती कंबर वळली. पण लोक विचारायचे कुणाला? कोटवाल्याला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

धंदा चालला तो सरकारच्या कृपेनं. तयार मोटारीवर जबर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून आम्ही मोटार विकायचोच नाही. आम्ही फायबरचं कवच विकायचो, खालचा सांगाडा विकायचो, आणि गिऱ्हाईक भंगारातल्या एखाद्या म्हाताऱ्या गाडीचं इंजिन काढून आपल्या घरी, आपल्या हातानं, ते सगळं जोडायचा. आमचा हात लागला तर कर लागला. जोडायचं कसं हे छापून द्यायलाही बंदी होती. त्यावर लायनलनं डोकं चालवलं. त्यानं 'टिटवी सुटी कशी करावी' अशी माहिती छापली. न जोडलेली गाडी आधी सुटी करा! गिऱ्हाइकं ती शेवटून सुरुवातीकडे वाचायची आणि रविवारच्या रविवार अंगणात नट पिळत बसायची. एका पाद्रीबाबानं ती सरळ सुरुवातीपासून वाचली आणि वर्षभर आम्हाला विचारत राहिला, की पहिल्या पायरीला काढायचं ते चाक आहे कुठं?

ही युक्ती लायनलची, हे मी मान्य करतो. मला ते मान्य करायला लागतं याचाही राग येतो.

आणि तळहात. ज्यावरून साचा काढायचा त्या प्लास्टरच्या नमुन्यावर शेवटचा पातळ थर मी एका शुक्रवारी संध्याकाळी दिला. थर ओला होता, तो घट्ट होईपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी सायकलवर टांग मारून तिघांसाठी मासे आणि चिप्स आणायला गेलो. तिसरी म्हणजे म्युरियल. ती तेव्हा वाटाणे डबाबंद करायच्या कारखान्यात होती, कामाची पाळी संपली की शेडवर यायची. मी परतलो तेव्हा ती आली होती, कोंबड्यांच्या एका जुन्या खोक्यावर बसली होती. लायनल बाहेर सिगारेट ओढत उभा होता. चिप्स खाता खाता ती एकदम म्हणाली, "सिरिल, तू मला विचारणार आहेस की मीच विचारू?" मी विचारलं. ती हो म्हणाली. आयुष्यात लायनलच्या नाकावर टिच्चून मी जिंकलेली ही एकच गोष्ट, आणि मी ती लग्नात, बारशात, पबमध्ये पुन्हा पुन्हा सांगितली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना वाळला होता आणि दारामागे तो खळगा. मी पुट्टीचा डबा उघडला. लायनल आडवा आला.

"बुजवू नकोस."

"अरे, दोष आहे तो! साच्यात गेला की प्रत्येक गाडीत येईल!"

"येऊ दे. काल उठताना तुझाच हात टेकला असणार, धांदरटा. लग्न ठरलं ना तुझं काल? शुभ हात आहे. राहू दे."

मी खूश झालो. गाढव खूश होतं तसा. म्हटलं, पाटीवर नाव नसेना का, प्रत्येक गाडीवर आपला हात तरी आहे. आणि दोन वर्षांनी मोटारींच्या एका मासिकाचा माणूस आला, खळग्यावर बोट ठेवून विचारता झाला, "हे काय?" तर हा लायनल माझ्या देखत हसून म्हणाला, "तो ना? तो माझा हात. तिथं टेकून उभा होतो मी एकदा."

मी तिथंच होतो, रेझिनची बादली घेऊन. अंकात फोटो आला, लायनलचा, हात खळग्यात. त्या दिवसापासून माझ्या पोटातलं दुखणं कायमचं वस्तीला आलं. कराचा कायदा बदलला, युक्ती संपली, त्र्याहत्तर साली शेडला कुलूप लागलं. मी फायबरची बागेतली तळी करून पोट भरलं. लायनल विमे विकायला लागला आणि दर जूनमध्ये टोपी काढून 'आपल्या' हातावर टाळ्या घ्यायला लागला. त्यानं दोन लग्नं केली, दोन्ही मोडली. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू.

तर मी शेडमधली ताडपत्री ओढली.

साचा म्हणजे गाडी उलटी, आतून बाहेर. गाडीत जिथं खळगा, तिथं साच्यात उंचवटा. खळगा घालवायचा तर उंचवटा घासून सपाट करायचा, की पुढच्या सगळ्या टिटव्या निर्दोष. मी पॉलिशपेपर आणला, लाकडाचा ठोकळा आणला. घासायच्या आधी मेण काढणं भाग होतं. कवच चिकटू नये म्हणून साच्याला दर खेपेला मेण लावायचं आणि चकचकीत पुसून घ्यायचं असतं. बाकी सगळीकडे मी आरशासारखं पुसलेलं होतं. फक्त त्या उंचवट्यावर, मासिकात तो फोटो आल्यापासून, मी रागानं मेणाचा गोळा थापायचो आणि तसाच सोडायचो. चहाच्या रंगाचा थरावर थर चढला होता.

थिनरचा बोळा घेऊन मी बसलो. मेण मऊ झालं, सुटायला लागलं. बडबडत होतो. "घे, लायनल. घे आता टाळ्या." आधी तळव्याचा फुगीर भाग उघडा पडला. मग बोटं. लाकडी पट्टीनं मी बोटांच्या फटीतलं मेण उकरलं आणि शेवटी करंगळी बाहेर आली.

ती वाकडी होती.

मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. मग हातमोजा काढला आणि माझा तळवा त्या तळव्यावर ठेवला. माझ्या पंजात तो अख्खा मावला, वर जागा उरली. बोटं लहान, अंगठ्याचं मूळ गुबगुबीत, करंगळी बाहेर फाकलेली. हा हात मी रोज रात्री झोपताना धरतो. आंधळा झालो तरी ओळखीन.

ज्या शेकडो कवचांना मी याच साच्यातून जन्म दिला, त्यांतल्या पहिल्या काहींवर तरी ती करंगळी दिसली असणार. मी बघितलीच नाही. मला ठाऊकच होतं ना, हात माझा आहे म्हणून.

आणि मग, सावकाश, दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. मी चिप्स आणायला गेलो होतो. शेडमध्ये ती होती आणि लायनल होता. मी साच्याच्या कडेला धरून उठलो.

म्युरियल स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी दारातूनच ओरडलो, "तो हात तुझा आहे!"

"हो," ती म्हणाली. "मेण निघालं वाटतं."

"तू काय करत होतीस तिथं? त्याच्याबरोबर?"

"ओरडू नकोस, सिरिल. शेजारी आहेत." तिनं सुरी खाली ठेवली. "त्यानं मला विचारलं. लग्नाचं. तू चिप्स आणायला गेला होतास तेव्हा."

"कोटवाल्यानं?"

"कोट काढून, खोक्यावर पसरून, गुडघ्यावर बसून. मी नाही म्हणाले. म्हणताना तोल गेला, मागे हात टेकला, तर तुझं ते ओलं प्लास्टर. मी घाबरले. तो म्हणाला, 'राहू दे, मी सिरिलला सांभाळतो.' झालं."

"झालं? इतकी वर्षं झालं?" माझा आवाज चिरकला. "आणि नाही म्हणायला हात कशाला टेकावा लागतो? एवढा विचार करावा लागला?"

ती हसू दाबत होती की काय, कळेना.

"थोडा केला," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. तो देखणा होता आणि त्याच्याकडे शेड होती. पण ऐक. नाही म्हणायला मला हात टेकावा लागला. तुला हो म्हणाले तेव्हा माझ्या दोन्ही हातांत चिप्स होत्या."

मी सुरी उचलली आणि एक बटाटा सोलला, वाईट सोलला. "मग तो मला म्हणाला तुझा हात, आणि मासिकवाल्याला म्हणाला माझा हात..."

"माझा आहे असं सांगायला हवं होतं का त्यानं? मासिकात?"

"आणि दर जूनला टोपी काढून..."

"म्हणून तर मी कधी गाड्यांजवळ येत नाही," म्युरियल म्हणाली. "लांब खुर्ची टाकून बसते. तुला वाटायचं, मला पेट्रोलचा वास सोसत नाही."

मी शेडमध्ये परत गेलो. पॉलिशपेपर ठोकळ्याला गुंडाळलेलाच होता. आता तर मला घासायचं दुप्पट कारण होतं. आजवर लायनलनं माझी टाळी खाल्ली असं मला वाटत होतं. तो तर चारचौघांत, टोपी काढून, माझ्या बायकोचा हात धरत होता, आणि बाजूला उभा राहून टाळ्या पिटत होतो मी! ठोकळा मी उंचवट्यावर टेकवला. एकच रेघ ओढली असती तर करंगळी गेली असती.

पण करंगळी गेली तर कुणाची गेली असती? मी ठोकळा खाली ठेवला, पुन्हा उचलला, लायनलला आणि स्वतःला दोन-चार शिव्या घातल्या. मग मेणाचा डबा उघडला, आणि त्या हाताला, एकेका बोटाला, पातळ मेण लावून नीट पुसलं.

जूनमध्ये नवं कवच ट्रेलरवर मैदानात नेलं. पांढरंशुभ्र, अजून रंग नसलेलं. ट्रेवरनं लगबगीनं कानाशी येऊन विचारलं, "मिस्टर बॅग्ली, तळहात... म्हणजे तो...?" मी म्हणालो, "बघशीलच." लांब कुंपणापाशी म्युरियलनं आपली घडीची खुर्ची टाकली होती, मांडीवर डबा.

लायनल काठी टेकत आला. तोच रंग कोटाचा, आत माणूस निम्मा झालेला. त्यानं टोपी काढली. खळग्यात हात ठेवला, डोळे मिटले, आणि लगेच उघडले. त्याचं बोट हळूच कडेला सरकलं, जिथं करंगळी वळते तिथं थांबलं. लोक टाळ्या वाजवायला लागले होते. त्यानं लोकांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"मेण काढलंस," तो हलकेच म्हणाला.

"नीट काढ म्हणाली होती ती."

त्याचा चेहरा उतरला. मी त्याला इतकी वर्षं हसताना बघितलं होतं, त्यामागे हे असेल असं कधी वाटलं नव्हतं. त्यानं हात उचलायला घेतला.

"राहू दे," मी म्हणालो. कसं म्हणालो ते देव जाणे, दात आवळूनच असेल. "टाळ्या संपेपर्यंत."

त्यानं हात ठेवला. टाळ्या त्या दिवशी मेल्या फार लांबल्या. सत्तरी ना! मी वाजवल्या नाहीत. शेवटची टाळी विरली तसा मी म्हणालो, "पुरे, लायनल." आणि त्यानं हात काढला. ज्या दिवशी पबमध्ये ओळख झाली, तेव्हापासून आज पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलं.

इंजिनं सुरू झाली. मी कुंपणापाशी गेलो, दुसरी खुर्ची उघडली आणि म्युरियलशेजारी बसलो.

"हात दे," मी म्हणालो.

"अरे, खातेय ना मी. सॉसेज रोल आहे."

"दुसऱ्या हातात धर तो."

तिनं रोल डाव्या हातात घेतला आणि उजवा माझ्याकडे केला. तेलकट होता. मी तो घट्ट धरला, चांगला उंच, मैदानात सगळ्यांना दिसेल असा. वर बघितलं तर लायनल त्या पांढऱ्या कवचाशी एकटाच उभा होता आणि आमच्याकडेच बघत होता.

मी हात खाली घेतला, सोडला नाही, आणि खुर्ची थोडी फिरवली, त्याला दिसू नये अशी. पोटातलं दुखणं काय असतं, ते मला माहीत आहे.